खुर्चीचं भांडण आणि मैदानावरच्या मुली

८ मार्च २०२५. महिला दिन. आपल्याकडे गावोगाव रांगोळी स्पर्धा, हळदीकुंकू, कर्तबगार महिलांना शाल-श्रीफळ असे कार्यक्रम झाले. त्याच दिवशी तिकडे इराणच्या राजधानीत, तेहरानमध्ये, भारताच्या मुलींनी यजमान इराणला ३२-२५ असं हरवून आशियाई महिला कबड्डी स्पर्धा जिंकली. संघाची कर्णधार होती मुंबईची सोनाली शिंगटे. महिला दिनाला याहून चांगली भेट कोणती असणार?

पण मैत्रिणींनो, या विजयाच्या आधी महिनाभर काय चाललं होतं ते किती जणींना ठाऊक आहे? आपला संघ या स्पर्धेला जाणार की नाही, याचाच पत्ता नव्हता. मुलींची तयारी होती, अंगात दम होता. पण त्यांना पाठवायचं कोणी, यावर देशाच्या कबड्डी संघटनेत घोळ होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताच्या संघटनेला निलंबित केलं होतं. शेवटी प्रियांका आणि पूजा या दोन महिला कबड्डीपटू सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश दिला, संघटनेचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपवला गेला, आणि मगच मुलींचं विमान उडालं.

चढाई करून गडी बाद करायचं हे खेळाडूचं काम. इथे मात्र मैदानावर पाय ठेवण्यासाठीच कोर्टाची पायरी चढावी लागली. हे असं का झालं, आणि त्याचा महाड-पोलादपूरच्या आपल्यासारख्या बायकांशी काय संबंध, हे आज जरा उलगडून बघू या.

आधी संबंधाचं सांगते. आपल्या भागात कबड्डी म्हणजे नुसता खेळ नाही, ते गावाचं अंग आहे. भातकापणी आटोपली की बिरवाडीपासून उमरठपर्यंत कुठे ना कुठे चुन्याने मैदान आखलं जातं, हॅलोजन लागतात, आणि रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. गावदेवीच्या नावाने चषक, रोख बक्षीस, मुंबईहून खास रजा टाकून आलेले चाकरमानी. बायका ओटीवर, गडग्यावर बसून बघतात. आता मुलीही खेळतात. शाळेच्या संघातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला जातात. मातीत खेळलेल्या या पोरींचा दम बघितला की छाती भरून येते.

आणि या खेळामागे आईबापांचा एक हिशेबही असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पोलीस, रेल्वे, बँका यांत कबड्डी खेळणाऱ्या मुलींना कामं मिळाली आहेत. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरची आई मला म्हणाली, "ताई, आमच्याकडं जमीन नाय, ओळख नाय. पोरीच्या हातात ह्यो एक कागुद हाय." तो कागद म्हणजे स्पर्धेचं प्रमाणपत्र. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. पावसाळ्यात पत्र्यातून गळतं म्हणून.

आता त्या कागदाची किंमत कशावर ठरते? तो देणाऱ्या संघटनेला मान्यता आहे की नाही, यावर. जिल्हा संघटना राज्याला जोडलेली, राज्य संघटना देशाच्या महासंघाला जोडलेली, देशाचा महासंघ आंतरराष्ट्रीय महासंघाला जोडलेला. ही साखळी. वरची एक कडी तुटली की तांदळाच्या डब्यातल्या कागदापर्यंत हादरा बसतो. म्हणून दिल्लीतलं खुर्चीचं भांडण आपल्याही घरचं आहे.

आता भांडणाची गोष्ट.

आपल्या देशात कबड्डीचा कारभार बघते ती अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया. राजस्थानचे नेते जनार्दनसिंह गेहलोत हे १९८४ पासून २०१३ पर्यंत तिचे अध्यक्ष होते. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. एवढ्या काळात एक मुलगी जन्माला येते, शाळेत जाते, खेळते, लग्न होऊन तिची मुलगी मैदानात उतरते. खुर्चीवर माणूस तोच. गेहलोतांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली, २०१० साली ग्वांगझूला महिलांची कबड्डीही आली, हे त्यांच्या काळात झालं. महाराष्ट्राच्या शंकरराव तथा बुवा साळवींसारख्यांनी तर या खेळासाठी आयुष्य वेचलं. पैसा नसलेल्या खेळात माणसं टिकून राहिली म्हणून खेळ टिकला, हेही खरं.

पण चांगलं काम केलं म्हणून खुर्ची कायमची होते का? केंद्र सरकारच्या २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेत नियम होता, की अध्यक्षाला चार-चार वर्षांच्या जास्तीत जास्त तीन मुदती, आणि वयाची मर्यादा सत्तर वर्षं. २०१३ मध्ये गेहलोत अध्यक्षपदावरून बाजूला झाले. त्यांना आजीव अध्यक्ष करण्यात आलं आणि अध्यक्षपदी आल्या त्यांच्या पत्नी, मृदुल भदौरिया.

याविरुद्ध आवाज उठवला तो खेळाडूंनीच. महिपाल सिंह या माजी कबड्डीपटूने दिल्ली हायकोर्टात दाद मागितली. प्रकरण चाललं आणि ३ ऑगस्ट २०१८ रोजी हायकोर्टाने दोन्ही नेमणुका रद्द केल्या. आजीव अध्यक्षपद गेलं, अध्यक्षपदाची निवडही गेली. संघटनेवर प्रशासक बसला. पुढे बरीच वर्षं निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. गर्ग यांनी प्रशासक म्हणून कारभार बघितला.

निकालानंतर पंधरा दिवसांत जकार्ताचे आशियाई खेळ सुरू झाले. तिथे काय झालं ते कबड्डी बघणाऱ्या घरांत अजून आठवत असेल. १९९० पासून पुरुषांचं एकही सुवर्ण हुकलं नव्हतं. सलग सात. त्या वर्षी उपांत्य सामन्यातच इराणने हरवलं. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना. तोही इराणविरुद्ध. २७-२४ अशी हार. महिलांची २०१० आणि २०१४ ची सुवर्णं होती, ती परंपराही तुटली. त्या संघात आपली सोनाली शिंगटे होती, सायली केरिपाळे होती.

आणि आता ऐका. इराणच्या त्या मुलींना शिकवलं कोणी? नाशिकच्या शैलजा जैन यांनी! वर्षानुवर्षं नाशकात मुली घडवणारी ही मराठी बाई. भारताच्या संघाचं प्रशिक्षकपद काही त्यांना मिळालं नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. परका देश, परकी भाषा, जेवण शाकाहारी. त्यांनी थोडी फारसी शिकून घेतली, मुलींना योगासनं, प्राणायाम शिकवला, आणि त्याच मुलींकडून आपल्या देशाच्या संघाला हरवून दाखवलं. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचं होतं, असं त्या नंतर उघडपणे बोलल्या. काहींना त्यांचा राग आला. मला विचाराल तर राग करायचा तो घरातल्या गुणी माणसाला दाराबाहेर ठेवणाऱ्या कारभाराचा. सासरी कदर झाली नाही म्हणून माहेरच्या शेतावर राबून सोनं पिकवणाऱ्या बाया आपण बघितलेल्या आहेत. शैलजाताईंनी केलं ते त्याच जातीचं.

हार झाल्यावर धूळ आणखी उडाली. आशियाई खेळांसाठीची निवडच नीट झाली नव्हती, पैशाचे व्यवहार झाले, असा आरोप करत विरोधी गटातले लोक आधीच कोर्टात गेले होते. हायकोर्टाने सांगितलं, आशियाई खेळांतला संघ आणि वगळलेले खेळाडू यांचा सामनाच होऊन जाऊ दे. १५ सप्टेंबर २०१८ ही तारीख ठरली, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम ठरलं. वगळलेले खेळाडू आले. आशियाई खेळांचा संघ आलाच नाही! कोर्टाच्या आदेशाने कबड्डीचा सामना ठेवावा लागतो आणि एक संघ फिरकतच नाही, ही खेळाची शोभाच म्हणायची.

तोवर नाराज मंडळींनी न्यू कबड्डी फेडरेशन नावाची वेगळी चूलही मांडली होती. त्यांनी २०१९ साली स्वतःची लीग सुरू केली, काही सामने पुण्यातही झाले. एका घरात दोन चुली झाल्या की काय होतं ते सुनांना सांगायला नको. भांडी वाटली जातात आणि पोरांना कळत नाही जेवायला कुठे बसायचं. नवं व्यासपीठ मिळालं हे खेळाडूंसाठी बरं. पण देशाचा संघ पाठवायचा अधिकार आणि सरकारी मान्यता मात्र जुन्याच संघटनेकडे. वीस वर्षांच्या पोराने किंवा पोरीने निवड करायची तरी कशी?

मधली वर्षं अशीच गेली. डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या महासंघाची निवडणूक झाली, विभोर विनीत जैन अध्यक्ष म्हणून निवडून आले. पण प्रकरण कोर्टात असल्याने त्यांच्याकडे कारभार गेला नाही; प्रशासकच राहिले. आता आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणू लागला, तुमची संघटना निवडून आलेली माणसं चालवत नाहीत, मग तुम्हाला प्रवेश नाही. ज्या प्रशासकाला कारभार सुधारायला बसवलं, त्याच्याच असण्याने मुलींची वाट अडली. सुप्रीम कोर्टात हे आलं तेव्हा न्यायमूर्तींनी संघटनांमधल्या या सगळ्या गोंधळाची सीबीआयसारख्या यंत्रणेकडून चौकशी व्हावी का, असाही प्रश्न केला. प्रियांका आणि पूजाचं मागणं एवढंच होतं, की आम्हाला खेळायला जाऊ द्या.

त्यांना जाऊ दिलं, आणि ८ मार्चला चषक आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढाक्याला महिलांचा विश्वचषक झाला. तिथेही भारताने चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवलं. महिलांचा पहिला विश्वचषक २०१२ मध्ये पाटण्याला झाला होता. त्या विजेत्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के या आपल्या तिघी होत्या. दुसरा विश्वचषक व्हायला तेरा वर्षं गेली. तेरा वर्षं म्हणजे एका कबड्डीपटूची सगळी कारकीर्द. त्या मधल्या काळात ज्या मुली ऐन भरात होत्या, त्यांना विश्वचषक म्हणजे काय ते कळलंच नाही. पदाधिकाऱ्यांची मुदत वाढवून मिळते, पोरींच्या गुडघ्यांची वाढवून मिळत नाही.

आता मला खरं बोलायचं आहे ते खुर्चीवर बसलेल्या बाईबद्दल.

२०१३ ते २०१८ देशाच्या कबड्डी महासंघाची अध्यक्ष एक स्त्री होती. एरवी आपण टाळ्या वाजवल्या असत्या. "बघा, पुरुषांच्या खेळात बाई अध्यक्ष!" पण पती बाजूला झाल्यावर पत्नी त्याच खुर्चीवर येते, तेव्हा बायकांचं पाऊल पुढे पडलं असं म्हणायचं का? हायकोर्टाने बाई-पुरुष असा प्रश्न केला नाही, नियमांवर बोट ठेवलं. आपण मात्र हा प्रश्न करायलाच हवा, कारण आपल्याकडे तो रोजचा आहे. ग्रामपंचायतीत बायकांना पन्नास टक्के जागा मिळाल्या. चांगलं झालं. काही सरपंच बायकांनी पाण्याची योजना आणली, दारूचे गुत्ते बंद केले, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि काही ठिकाणी सही तिची, शिक्का तिच्या नवऱ्याच्या खिशात, हेही बघितलंय. ग्रामसभेत तो पुढे बसतो, ती मागे चहाचं बघते. बाईला खुर्ची मिळणं ही पहिली पायरी आहे. तिला तिथे कोणी निवडलं, ती कोणाला उत्तर देते, आणि तिची मुदत कधी संपते, या पुढच्या पायऱ्या चढल्याशिवाय माडीवर जाता येत नाही.

मग निवडतं कोण? इथेच सगळी मेख आहे. देशाच्या महासंघात मत असतं ते राज्य संघटनांच्या प्रतिनिधींना. राज्यात मत जिल्ह्याच्या प्रतिनिधींना. जी मुलगी खेळते, ढोपर फोडून घेते, तिला मत नाही. आपल्या गावकीसारखंच हे. आपल्याकडे प्रत्येक गावाचं एक स्थानिक मंडळ आणि एक मुंबई मंडळ. वर्गणी घरटी, निर्णय चार माणसांचा. पालखी कुठून जाणार, सभामंडपाचं काम कोणाला द्यायचं, सामने कधी ठेवायचे, सगळं बैठकीत ठरतं. बायका नैवेद्य करतात. वर्गणी आपल्या घरातूनही गेलेली असते, पण हिशेबाची वही आपण कधी उघडून बघितलेली असते का?

कुस्तीत हेच जास्त कडवट रूपात दिसलं. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगीरांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. सिंह यांनी ते नाकारले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण मे २०२५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने बंद केलं. बाकी महिला कुस्तीगीरांच्या तक्रारींवर २०२४ साली कोर्टाने आरोप निश्चित केले. न्याय कोर्ट करेल. मला सांगायचंय ते निवडणुकीचं. २१ डिसेंबर २०२३ ला महासंघाची निवडणूक झाली. अध्यक्षपदासाठी एक बाई उभी होती, अनिता श्योराण, राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण मिळवलेली कुस्तीगीर. समोर सिंह यांच्या गटातले संजय सिंह. मतं पडली ४० आणि ७. त्याच दिवशी साक्षी मलिकने आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि खेळ सोडला. रस्त्यावर एवढं रान उठलं, सगळ्या देशाने बघितलं, पण मतपेटीत त्यातलं काही पोचलं नाही. कारण मतपेटी खेळाडूंची नव्हतीच.

आणि इथेही भुर्दंड खेळाडूंना. निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये भारताला निलंबित केलं. त्या सप्टेंबरात जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने ब्राँझ जिंकलं, पण आपला तिरंगा लावून नाही, तटस्थ खेळाडू म्हणून. एकोणीस वर्षांच्या पोरीने पदक जिंकायचं आणि नावापुढे देश नाही!

महाराष्ट्रात तरी वेगळं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. एक पुण्याजवळ फुलगावला, सिकंदर शेख. दुसरा धाराशिवला, शिवराज राक्षे. दोघेही तगडे, दोघांचीही मेहनत खरी. पण राज्याच्या कुस्ती संघटनेत दोन तट, म्हणून गदाही दोन. ज्याच्या खांद्यावर गदा आली त्याच्याही मनात खुटखुट राहणार, की खरा केसरी कोण?

म्हणून मला वाटतं, नाराजी आणि फाटाफूट यांत फरक करायला शिकलं पाहिजे. नाराज सभासद हा संघटनेचा शत्रू नसतो. तो नियमावर बोट ठेवतो, हिशेब मागतो, मुदत आठवून देतो. त्याचं ऐकलं तर दुसरी चूल मांडायची वेळच येत नाही. गप्प बसवलं की तो एक तर कोर्टात जातो, नाहीतर वेगळं घर करतो. महिपाल सिंह, शैलजा जैन, प्रियांका, पूजा, यांचं वेळीच आतल्या आत ऐकून घेतलं असतं तर कबड्डीची एवढी वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली नसती. आणि विरोध करणाऱ्यांनाही एक विचारायला हवं, की बाबांनो, तुम्हाला कारभार बदलायचाय की खुर्चीवरचा माणूस? कारण नवा गट आला आणि त्यानेही तीस वर्षं ठाण मांडलं, तर आम्हाला काय फरक?

प्रश्न विचारण्याचं आमच्या महाडला तरी वावडं असायचं कारण नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्याच चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. हक्क मागताना आधी विचारायचं असतं, "हे कोणाचं? सगळ्यांचं, तर मग आमचं का नाही?" खेळाच्या संघटनेलाही हाच प्रश्न लागू आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी आहेत. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा माणसं, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामांकित खेळाडू. खेळाडूंची स्वतंत्र समिती. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरण. संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवायला स्वतंत्र न्यायाधिकरण, आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी पॅनेल. म्हणजे पुढच्या प्रियांका-पूजाला तक्रारीसाठी एक ठरलेलं दार असेल.

पण डोळे झाकून आनंद मानायला नको. जुन्या संहितेत अध्यक्षाला आयुष्यात मिळून तीनच मुदती होत्या. नव्या कायद्यात सलग तीन मुदती झाल्या की एक मुदत बाहेर बसायचं, मग परत उभं राहता येतं. वयाची मर्यादाही काही अटींवर सत्तरवरून पंच्याहत्तरपर्यंत सैल केली आहे. बाहेर बसण्याच्या त्या चार वर्षांत खुर्ची राखायला घरातलंच कोणी बसवलं तर? आणि चार महिला कोणत्या असतील? मैदानात खेळलेल्या, शिकवलेल्या, पंच म्हणून उभ्या राहिलेल्या, की कोणाच्या तरी सौभाग्यवती? कायदा जागा देतो. त्या जागेवर कोण बसतं ते आपण किती लक्ष ठेवतो यावर ठरतं.

बचत गटात आपण हे शिकलोच आहोत की. दर महिन्याला बैठक, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या, पासबुक सगळ्यांसमोर उघडं. आमच्या भागातल्या एका गटात अध्यक्ष नऊ वर्षं बदलली नव्हती. बाई कामाची, प्रामाणिक. एका तरुण सुनेने विचारलं, "वहिनी, आता दुसरीला करू द्या ना." सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, जशी काही तिने शिवी दिली. दोन महिने धुसफूस झाली. मग चिठ्ठ्या टाकून नवी अध्यक्ष निवडली. जुन्या अध्यक्षबाई आता नव्या बाईला बँकेचे कागद भरायला शिकवतात. गट फुटला नाही, उलट दोन जणींना काम येऊ लागलं. दिल्लीतल्या मोठमोठ्या माणसांना जे जमलं नाही, ते आठवी शिकलेल्या बायकांनी करून दाखवलं. कारण आमच्या गटात मत प्रत्येकीला आहे.

तर मैत्रिणींनो, मुलगी कबड्डी, खो-खो, कुस्ती, काहीही खेळत असेल तर नुसता डबा आणि बूट देऊन थांबू नका. काही साधे प्रश्न विचारा. ही स्पर्धा कोणत्या संघटनेची, तिला मान्यता आहे का, या प्रमाणपत्राने वाढीव गुण मिळतात का, हे खेळायच्या आधी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघटनेत किती बायका आहेत, निवडणूक शेवटची कधी झाली, ते विचारा. मुली बाहेरगावी खेळायला जातात तेव्हा सोबत बाई कोण असते, राहायची, कपडे बदलायची सोय काय, तक्रार करायची तर कोणाकडे, हेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जिथे मंडळाचे सामने भरतात तिथे पुढच्या बैठकीत दोघी-तिघींनी मिळून जाऊन बसा. एकटीला "वहिनी, तुमचं काय काम?" म्हणतील. तिघींना नाही म्हणणार.

ज्या मुली एकेकाळी खेळल्या, लग्न होऊन इथल्या वाड्यांवर आल्या, त्यांचाही विचार करा. आपल्या प्रत्येक गावात अशी एक तरी सून असते, जिला अजून पकड कशी करायची ते आठवतं. ती पंच होऊ शकते, मुलींना शिकवू शकते, उद्या तालुक्याच्या समितीत बसू शकते. कायद्यातल्या चार जागा भरायच्या तर अशा बायका खालून वर जायला हव्यात. नाहीतर वरूनच कोणीतरी आणून बसवतील.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला "कबड्डी, कबड्डी" म्हणावंच लागतं. तोंड बंद झालं, दम तुटला, की बाद. आपल्या मुलींना आपण हे शिकवतोच आहोत. संघटनेच्या बैठकीतही तोच नियम आहे, असं समजून आत पाऊल टाकायचं.